फॅन फिक्शन म्हणजे उसनी प्रतिभा?

'पात्रं दुसऱ्याची, मग लेखकाचं काय उरलं?' हा फॅन फिक्शनवरचा, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या कलाकृतीतली पात्रं घेऊन लिहिलेल्या कथांवरचा, जुनाच आक्षेप. तो मानला तर वि. स. खांडेकरांची 'ययाति'ही बाद ठरेल. कथा महाभारतातली, पण संजीवनी मिळवून देवलोकी गेलेला कच पुढे पुन्हा भेटत राहतो, तो खांडेकरांचा. त्याच खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं. इंग्रजीत जीन ऱ्हिस यांनी १९६६ मध्ये शार्लट ब्रॉन्टीच्या 'जेन एअर' या कादंबरीतल्या माळ्यावर कोंडलेल्या बायकोला तिची स्वतःची कहाणी दिली. हे काही फॅन फिक्शन नव्हे, असं कुणी म्हणेल. नसेलही, पण उसन्या पात्रांचा मुद्दा तरी निकालात निघतो.

फॅन फिक्शनमध्ये सुमार लेखन ढिगानं आहे, हे खरंच. मात्र छापील कादंबरी संपादकाच्या चाळणीतून आलेली असते. प्रकाशकांनी परत पाठवलेली बाडं आपल्याला दिसतच नाहीत. इथे नवशिक्याचा पहिला खर्डाही उघड्यावर असतो. मग तुलना कशाची कशाशी?

२०१९ मध्ये 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅन फिक्शनच्या ऑनलाइन संग्रहाला ह्युगो हा विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा पुरस्कार मिळाला. तो संग्रहाला होता, त्यातल्या प्रत्येक कथेला नव्हे. उत्साही चाहते हे सोयीस्कर विसरतात.