किरेनियापासून पाफोसपर्यंत: सायप्रसमधल्या निवृत्तीच्या घरांची पार्श्वभूमी

23 जुलै 1974. सायप्रसच्या उत्तर किनाऱ्यावर किरेनियाच्या आसपासचे ब्रिटिश रहिवासी आणि पर्यटक हाताला लागेल ते सामान घेऊन वाळूत गोळा झाले होते. तीनच दिवसांपूर्वी शेजारच्या किनाऱ्यावर तुर्की फौजा उतरल्या होत्या. समोर समुद्रात ‘हर्मिस’ ही ब्रिटिश युद्धनौका थांबली होती. हेलिकॉप्टरं आणि बोटी माणसांना तिच्यावर पोचवत होत्या. त्या गर्दीत सुट्टीवर आलेले लोक होते, तसेच तिथे घर घेऊन आयुष्याची संध्याकाळ काढायला आलेलेही होते.

उबदार बेटावर निवृत्त होण्याचा विषय निघाला की आज बोलणं हवामान, खर्च आणि दवाखान्याभोवती फिरतं. ते प्रश्न खरे आहेत. पण सायप्रसचा इतिहास पाहिला की मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: आपल्या घराचा कागद आणि आपलं पेन्शन कोणत्या राज्याच्या, कोणत्या कायद्याच्या भरवशावर उभं आहे?

ब्रिटिश निवृत्तांना हे बेट सापडलं ते साम्राज्यामुळे. 1878 मध्ये ऑटोमन सुलतानाशी करार करून ब्रिटननं सायप्रसचा कारभार हाती घेतला. त्याच वर्षी रशियावर दबाव आणण्यासाठी सुमारे 7,000 भारतीय सैनिक मुंबईहून जहाजांनी माल्टाला नेले होते. त्यांतल्या काही तुकड्या पुढे सायप्रसमध्ये उतरल्या. म्हणजे या बेटावर ब्रिटिश अंमल सुरू झाला तेव्हाच मुंबई बंदराशी त्याचा धागा जुळला होता. उन्हाळ्यात मुंबई सरकार महाबळेश्वरला जायचं, तसं सायप्रसचं सरकार त्रोदोसच्या डोंगरावर जाऊ लागलं. 1925 मध्ये बेट रीतसर वसाहत झालं. भारत, इजिप्त, सुदान अशा ठिकाणी नोकरी केलेल्या अधिकाऱ्यांना इंग्लंडची थंडी आणि तिथला कर दोन्ही नकोसे वाटत. त्यांच्यासाठी किरेनियाचं छोटं बंदर, मागचा डोंगर आणि लिंबाच्या बागा सोयीच्या होत्या. इंग्रजी चालायचं, गाड्या डावीकडून धावायच्या, न्यायालयं ओळखीच्या पद्धतीची होती.

न्यायालयांवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. सायप्रसचा करार कायदा, ज्याला तिथले वकील ‘कॅप 149’ म्हणतात, तो आपल्या 1872 च्या भारतीय करार कायद्यावर बेतलेला आहे. नुकसानभरपाईचं कलम तिथेही 73 च आहे. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या वकिलानं तो उघडला तर अर्ध्याहून अधिक मजकूर त्याला वाचलेला वाटेल. इंग्रजांनी एका वसाहतीत घडवलेलं हत्यार दुसरीकडे नेऊन ठेवलं, आणि आज बेटाच्या नैऋत्येला पाफोसमध्ये घर घेणाऱ्या पेन्शनरचा खरेदी करार त्याच कायद्याखाली होतो.

1960 मध्ये सायप्रस स्वतंत्र झाला. अक्रोतिरी आणि धेकेलिया हे दोन लष्करी तळ मात्र ब्रिटननं स्वतःकडेच ठेवले. निवृत्तांचा ओघही थांबला नाही, आणि त्यामागे उन्हाइतकाच पौंडाचा हात होता. तेव्हा ब्रिटनमध्ये परकीय चलनावर कडक निर्बंध होते. 1966 पासून काही वर्षं स्टर्लिंग क्षेत्राबाहेर, म्हणजे पौंडाशी चलन बांधलेल्या देशांच्या गटाबाहेर, प्रवासाला जाताना माणशी वर्षाला जेमतेम 50 पौंडांचं परकीय चलन मिळे. स्पेन या क्षेत्राबाहेर होता. सायप्रस आणि माल्टा आत होते. तिथे पेन्शन, बचत, घराची रक्कम नेणं सोपं होतं. माल्टानं तर परदेशी रहिवाशांना पौंडामागे फक्त सहा पेन्स, म्हणजे अडीच टक्के, कर लावला. त्यामुळे आलेल्यांना ‘सिक्सपेनी सेटलर्स’ हे नावच पडलं. 1972 मध्ये ब्रिटननं स्टर्लिंग क्षेत्र आकसून घेतलं आणि दोन्ही बेटं त्याबाहेर पडली.

इकडे बेटावरचं वातावरण बिघडत होतं. 1963 च्या अखेरीस ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांमध्ये, म्हणजे बेटावरच्या ग्रीकभाषक आणि तुर्कीभाषक रहिवाशांमध्ये, हिंसाचार उसळला आणि 1964 मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचं नेतृत्व केलेले जनरल थिमय्या 1965 मध्ये तिथेच, कामावर असताना वारले. जुलै 1974 मध्ये ग्रीसमधल्या लष्करी राजवटीच्या पाठबळावर बंड झालं, पाठोपाठ तुर्कस्ताननं आक्रमण केलं आणि बेटाचा सुमारे 37 टक्के भाग तुर्की ताब्यात गेला. किरेनिया त्यातच होतं. सगळ्यांत मोठी किंमत अर्थातच स्थानिकांनी मोजली: उत्तरेतले ग्रीक दक्षिणेला आणि दक्षिणेतले तुर्की उत्तरेला, घरदार सोडून गेले. निवृत्तांच्या कहाणीत हे विसरून चालणार नाही, कारण पुढचे सगळे तंटे याच सोडलेल्या घरांचे आहेत.

राजधानी निकोसियाचा विमानतळ बंद पडला. 1975 मध्ये लार्नाकाचा आणि 1983 मध्ये पाफोसचा सुरू झाला, आणि निवृत्तांचं नवं ठाणं नैऋत्येला सरकलं. पाफोसच्या मागच्या टेकड्यांवर बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या.

मालकीच्या कागदाला तुर्की सायप्रियट ‘कोचान’ म्हणतात, ग्रीक सायप्रियटांच्या बोलीत तोच ‘कोचानी’ होतो. आपल्याकडे सातबारा म्हटल्यावर जे कळतं, तेच तिथे या शब्दानं कळतं. उत्तरेत 1974 पूर्वीच्या ब्रिटिश किंवा तुर्की मालकीच्या जमिनीला भाव जास्त, कारण तिच्यावर विस्थापित ग्रीकाचा दावा नसतो. 2004 च्या आसपास, दोन्ही भाग पुन्हा एक करण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्नान योजनेमुळे तोडगा निघेल या आशेवर, इतर जमिनींवरही धडाधड घरं विकली गेली. सार्वमतात ग्रीक सायप्रियटांनी योजना फेटाळली. पुढे एका विस्थापित मालकानं उत्तरेतल्या आपल्या जागेवर बंगला बांधलेल्या ब्रिटिश जोडप्यावर दक्षिणेतल्या न्यायालयात दावा जिंकला. 2009 मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की तो निकाल ब्रिटनमध्येही बजावता येईल, म्हणजे वसुली थेट त्यांच्या इंग्लंडमधल्या मालमत्तेपर्यंत पोचू शकत होती.

दक्षिणेतही सगळं आलबेल नव्हतं. बिल्डर जमीन आधीच बँकेकडे गहाण ठेवत आणि त्यावर घरं विकत. ग्राहकानं पूर्ण पैसे भरून करार भूमी कार्यालयात नोंदवला, तरी आधीच्या गहाणाचा हक्क पुढे राही. कित्येक लोक वर्षानुवर्षं घरात राहिले आणि कोचानी हातात आलीच नाही. अखेर 2015 मध्ये अशा अडकलेल्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. काहींनी स्विस फ्रँकमध्ये कर्ज घेतलं होतं. फ्रँक महाग झाला तसे हप्ते फुगले. त्यात 2013 चं बँक संकट आलं. बँक ऑफ सायप्रसमधल्या एक लाख युरोंवरच्या ठेवींतली 47.5 टक्के रक्कम शेअर्समध्ये बदलली गेली. घर विकून आलेला पैसा ज्यांनी तिथे ठेवला होता, त्यांच्या पोटात काय कालवलं असेल याची कल्पना आपल्याकडे बुडीत सहकारी बँकेच्या दारात उभं राहिलेल्या कुणालाही येईल.

एवढं होऊनही लोक येत राहिले. 2004 मध्ये सायप्रस युरोपीय संघात आला होता. ब्रिटिश माणसाला व्हिसाची गरज उरली नव्हती. परदेशी पेन्शनवर ठरावीक रकमेपुढे फक्त 5 टक्के कर हा मोठा आधार होता. 2011 च्या जनगणनेत दक्षिणेत सुमारे 24 हजार ब्रिटिश नागरिक होते. एक छोटी सवलत 2015 मध्ये संपली: ब्रिटन आपल्या पेन्शनरांना हिवाळ्यात घर तापवण्यासाठी रक्कम देतं, ती सायप्रससह सात उबदार ठिकाणी बंद झाली. खरा बदल ब्रेक्झिटनं केला. 2020 च्या अखेरीपर्यंत स्थायिक झालेल्यांचे हक्क राखले गेले. नंतर येणाऱ्याला आता 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा, किंवा उत्पन्नाचे पुरावे देऊन रहिवासाचा परवाना.

ब्रिटनमध्ये नोकरी केलेल्या मराठी कुटुंबांना यातली एक बाब थेट लागू पडते. सायप्रसमध्ये राहणाऱ्याचं ब्रिटिश ‘स्टेट पेन्शन’, म्हणजे नोकरीत भरलेल्या हप्त्यांवर सरकारकडून मिळणारं पेन्शन, दर एप्रिलला वाढतं, कारण तसा दोन देशांत करार आहे. भारताशी असा करार नाही. तीस वर्षं लंडनमध्ये हप्ते भरून जो पुण्यात परततो, त्याचं हे पेन्शन परतल्यावर मिळालेल्या पहिल्या आकड्यावर गोठतं आणि तो तिथे आहे तोवर तसंच राहतं.