घोटा मुरगळलाय? टेप घेण्याआधी हे वाचा

कबड्डीचे सामने सुरू झाले की आमच्या काउंटरवर रोज एकच वाक्य: "पाय मुरगळलाय, टेप द्या, संध्याकाळी मॅच आहे." टेप विकणं हा आमचा धंदा, तरी आम्ही आधी चार पावलं चालायला सांगतो. तेवढाही भार पेलवत नसेल, किंवा घोट्याचं हाड मागच्या कडेला दाबल्यावर कळ येत असेल, तर टेप राहू द्या, एक्स-रे काढा.

बहुतेक वेळा पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे अस्थिबंध (हाडं जोडणारे लिगामेंट) ताणले जातात. टेप ते सांधत नाही. पाऊल पुन्हा तसंच वळू नये म्हणून अडवते. त्यामुळे ताज्या सुजेवर टेप बांधून मैदानात उतरू नका. सूज उतरून न लंगडता धावता येऊ लागलं की मग लावा.

घोट्यासाठी पांढरी, न ताणणारी झिंक ऑक्साइड टेप घ्या, 38 मिमी रुंदीची. रंगीत ताणणारी टेप जपानच्या केंझो कासे यांनी 1970 च्या दशकात काढली. तिने दुखणं थोडं हलकं वाटतं, पण सांधा अडत नाही. आमच्याकडे खपते मात्र तीच जास्त!

पाय साबणाने धुऊन कोरडा करा. हळदीच्या लेपावर किंवा तेलावर काहीच चिकटत नाही. पाऊल नडगीशी काटकोनात धरा. पहिला वेढा घोट्याच्या साधारण 10 सेंमी वर. तिथून आतल्या बाजूने खाली, टाचेखालून, बाहेरच्या बाजूने वर ओढत, रिकिबीसारख्या तीन पट्ट्या. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढवा. शेवटी इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे. सुरकुती पडली की तिथेच फोड येतो.

मग पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत ते परत गुलाबी झालं नाही किंवा मुंग्या आल्या, तर टेप लगेच काढा. मधुमेहामुळे पाय बधिर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नका.

20 मिनिटांच्या पूर्वार्धात घामाने टेप सैल पडते, मध्यंतरात बघून घ्या. सामना संपल्यावर केसांच्या दिशेने, कातडी दाबून धरत, सावकाश काढा.

पहिल्यांदाच घेत असाल तर दुकानात बसवून लावून दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. फक्त पाय धुऊन या.