तांब्याच्या दोन आयनांमधला पूल

सांधेदुखीवर तांब्याची चुंबकीय कडी विकणाऱ्या जाहिराती सध्या सगळीकडे दिसतात. त्या कड्यांतले चुंबकत्व तांब्याचे नसतेच. आत वेगळे चुंबक बसवलेले असतात आणि त्यांनी सांधे बरे होतात याला पुरावा नाही. तांब्याचे खरे चुंबकत्व दिसते ते त्याच्या क्षारांत. त्यातला माझा लाडका म्हणजे निळसर हिरवे कॉपर ॲसिटेट.

या क्षारातल्या तांब्याच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, अशा अणूला आयन म्हणतात. उरलेल्यांत एक जोडीविना राहतो आणि इवल्याशा चुंबकासारखा वागतो. असे पदार्थ थंड करत गेलो की चुंबकाकडे अधिकाधिक ओढले जातात. कॉपर ॲसिटेट मात्र उणे 18 अंश सेल्सिअसच्या आसपासपासून उलट वागू लागते. ओढ घटत घटत जवळजवळ नाहीशी होते. 1952 मध्ये ब्लीनी आणि बॉवर्स या भौतिकशास्त्रज्ञांनी अर्थ लावला, की आयन जोडीने राहतात आणि जोडीतले दोन चुंबक परस्परविरुद्ध असतात. पुढच्याच वर्षी क्ष-किरणांनी ती जोडी दाखवली. दोन आयनांत 2.64 अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) अंतर, भोवती ॲसिटेटचे चार पूल, प्रत्येकाच्या दोन टोकांना एकेक ऑक्सिजन.

धातूच्या तांब्यात हे अंतर 2.56 असते. तेव्हा हे आयन थेट बांधले गेले असावेत, असे काहींना वाटले. पण ॲसिटेटऐवजी फॉर्मेटचे पूल असलेल्या तशाच जोड्यांत, आयन अधिक जवळ नसतानाही, हा विरुद्ध राहण्याचा परिणाम कितीतरी जोरदार निघाला. म्हणजे व्यवहार पुलावरून चालतो.

तो असा. एकट्या इलेक्ट्रॉनचे ऑर्बिटल, म्हणजे तो वावरतो ती जागा, पुलातल्या ऑक्सिजनकडेच रोखलेले असते, त्यामुळे तो थोडा ऑक्सिजनवर, तिथून पुढे दुसऱ्या तांब्यापर्यंत पसरू शकतो. पसरल्याने ऊर्जा कमी होते. पण तिथल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याच्या इवल्या चुंबकाचा रोख, त्याच दिशेचा असेल, तर पाउलीचा नियम आड येतो. एका ऑर्बिटलमध्ये समान स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन मावत नाहीत. विरुद्ध स्पिनला ही आडकाठी नाही, म्हणून विरुद्ध मांडणी स्वस्त पडते.

पूल एकाच ऑक्सिजनचा असला की कोनाला महत्त्व येते. काटकोनाजवळ दोन्ही तांबे ऑक्सिजनच्या परस्परलंब ऑर्बिटलांशी जुळतात. वाट तुटते आणि समान स्पिन सरस ठरतो. हायड्रॉक्साइडचे दोन पूल असलेल्या तांब्याच्या संयुगांत हा पालट सुमारे 97.5 अंशांवर होतो. कोन त्याहून मोठा झाला की चुंबक पुन्हा विरुद्ध होतात.