अल्ट्रासोनिक ट्रान्समीटर ॲरे : जवळच्या अंतरावर काय होतं

कानाला ऐकू न येणारा, फार उंच पट्टीचा आवाज (अल्ट्रासोनिक) सोडणारे एकाच फ्रिक्वेन्सीचे बरेच छोटे ट्रान्समीटर शेजारी शेजारी बसवले की झाला ॲरे. हवेतले बहुतेक 40 किलोहर्ट्झचे असतात, अंतर मोजायच्या सेन्सरवर डोळ्यांसारख्या दोन जाळीच्या डब्या दिसतात ना त्याच, 16 किंवा 10 मिलिमीटर व्यासाच्या. हवेत या आवाजाची वेव्हलेंथ, म्हणजे एका लाटेची लांबी, साधारण 8.6 मिलिमीटर, आणि पुढचा सगळा घोळ या एका आकड्यामुळे आहे.

आपल्याला वाटतं जवळ गेलं की जोर वाढणार. एका डबीपुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे, ॲरेचं तसं नाही. समजा 16 सेंटिमीटर व्यासाचा गोल सपाट ॲरे आहे आणि सगळे ट्रान्समीटर एका फेजमध्ये, म्हणजे एकाच तालात, चालू आहेत, तर बरोबर मधोमध समोर 74 सेंटिमीटरवर जोर सर्वात जास्त मिळतो, आणि तिथून आत आत येत 37 सेंटिमीटरवर पोचलात की जवळपास शांतता! कारण तिथे कडेकडून येणारी लाट मधल्या लाटेपेक्षा बरोबर एक वेव्हलेंथ जास्त चालून येते, आणि मधल्या सगळ्या गोल कड्यांमधून येणाऱ्या लाटांची बेरीज शून्य होते. अजून आत गेलं की परत जोर, परत शांतता, असं चालू राहतं. या पट्ट्याला निअर फील्ड म्हणतात, आणि त्याची हद्द ढोबळमानाने व्यासाचा वर्ग भागिले चार वेव्हलेंथ. म्हणजे ॲरे दुप्पट रुंद केला की हद्द चौपट लांब जाते, त्यामुळे "जवळ" म्हणजे किती हे ॲरेच ठरवतो.

गंमत अशी की फोकस, म्हणजे सगळा जोर एका ठिपक्यावर गोळा करायचा तर याच गोंधळाच्या पट्ट्यात करता येतो, हद्दीबाहेर नाही. वरच्याच ॲरेला 15 सेंटिमीटरवर फोकस हवा असेल तर कडेच्या ट्रान्समीटरला 2 सेंटिमीटर जास्त अंतर आहे, म्हणून त्यांना मधल्यापेक्षा 58 मायक्रोसेकंद आधी वाजवायचं, मग सगळ्या लाटा एकदम पोचतात आणि साधारण 8 मिलिमीटरचा ठिपका तयार होतो. 2017 मध्ये आसिएर मार्सो आणि ब्रिस्टल विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी केलेल्या टायनीलेव्हमध्ये, म्हणजे आवाजाने हलक्या वस्तू तरंगवणाऱ्या यंत्रात, तर असं आधी-नंतर वाजवायचं गणितच नाही, 72 ट्रान्समीटर समोरासमोरच्या दोन वाट्यांमध्ये बसवलेत आणि वाटीचा आकारच ते काम करतो. थर्माकोलचे दाणे तिथे अर्ध्या वेव्हलेंथच्या, म्हणजे 4.3 मिलिमीटरच्या अंतराने अधांतरी तरंगतात. हाताला स्पर्श जाणवून देणारे ॲरे पण याच पट्ट्यात चालतात, फक्त त्वचेला 40 किलोहर्ट्झ कळत नाही म्हणून फोकसचा जोर सेकंदाला 200 वेळा वगैरे कमीजास्त करतात.

अडचण डब्यांच्या आकाराची आहे. केंद्रांमधलं अंतर अर्ध्या वेव्हलेंथपेक्षा कमी पाहिजे आणि 10 मिलिमीटरच्या डब्या अगदी चिकटवल्या तरी ते जमत नाही, मग बाजूला साधारण 60 अंशांवर नको असलेले जादा बीम (आवाजाचे झोत) निघतात, 16 मिलिमीटरच्या डब्यांना तर 33 अंशांवरच. त्यात एखादी डबी उलट्या पोलॅरिटीने (प्लस-मायनस उलटं) सोल्डर झाली की ती बाकीच्यांच्या विरोधात वाजते, म्हणून आधी प्रत्येक डबी ऑसिलोस्कोपवर (लाटेचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) तपासून खूण करून ठेवायची, डबीवर छापलेल्या खुणेवर विसंबू नये.

अंतर मोजायच्या सेन्सरचा ब्लाइंड झोन, म्हणजे जवळचं काही न दिसणारा पट्टा, मात्र वेगळी भानगड, लोक दोन्हीची सरमिसळ करतात. तिथे पाठवणारी आणि ऐकणारी डबी एकच असेल तर पल्स सोडल्यावर ती थोडा वेळ घुमत राहते, 1 मिलिसेकंद घुमली तरी 17 सेंटिमीटरच्या आतला इको त्यात बुडून जातो.