पोलंडमध्ये खरंच दोन पोलंड आहेत का?

१ जून २०२५, रात्रीचे नऊ. पोलंडमधल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची मतदान केंद्रं बंद झाली आणि लगेच टीव्हीवर एक्झिट पोल झळकला: रफाल त्शास्कोव्स्की ५०.३ टक्के, कारोल नावरोत्स्की ४९.७ टक्के. वॉर्सॉचे महापौर आणि सत्ताधारी उदारमतवादी आघाडीचे उमेदवार असलेल्या त्शास्कोव्स्कींनी समर्थकांसमोर येऊन विजय जाहीरही करून टाकला. दोन तासांत आकडे फिरले. दुसऱ्या दिवशी अधिकृत निकाल लागला तेव्हा परंपरावादी नावरोत्स्की ५०.८९ टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले होते. मतदान झालं ७१.६३ टक्के आणि दोघांमधलं अंतर होतं सुमारे ३ लाख ७० हजार मतांचं.

पोलवाल्यांना नावं ठेवण्यात फारसा अर्थ नाही. अगदी यादृच्छिकपणे निवडलेल्या १० हजार माणसांना विचारलं तरी उत्तर एक टक्का इकडे किंवा तिकडे सरकू शकतं. इथे तर सगळी माणसं ठरावीक ५०० केंद्रांवरची होती. एकाच केंद्रावर मत देणारे शेजारीपाजारी एकमेकांसारखेच असतात, त्यामुळे चुकीची शक्यता आणखी वाढते. अशा मोजणीत ०.६ टक्क्यांची आघाडी म्हणजे ‘सांगता येत नाही’ एवढंच. रात्री अकराच्या सुमारास आलेल्या सुधारित अंदाजात काही केंद्रांवर प्रत्यक्ष मोजलेली मतं मिसळलेली होती, म्हणून तो बरोबर निघाला. (पोलंडमध्ये मतदान संपेपर्यंत असे आकडे छापायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे त्या दिवशी सोशल मीडियावर अचानक ‘भाजीबाजाराचे भाव’ फिरू लागतात. कुठली भाजी म्हणजे कुठला उमेदवार हे सगळ्यांना ठाऊक असतं.)

निकालानंतर जगभर एकच मथळा चालला: दोन पोलंड. एक शहरी, उदारमतवादी, युरोपीय संघाकडे झुकलेला. दुसरा खेड्यातला, कॅथलिक, परंपरावादी. आकडे त्याला दुजोरा देतातही. वॉर्सॉत साधारण दोन-तृतीयांश मतं त्शास्कोव्स्कींना पडली, तर आग्नेयेकडच्या पोट्कार्पात्स्ये प्रांतात सत्तर टक्क्यांच्या वर नावरोत्स्कींना. तरीही माझ्या मते हे चित्र निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं मतदानाच्या पद्धतीने तयार केलेलं आहे.

पहिल्या फेरीत, १८ मे रोजी, रिंगणात १३ उमेदवार होते. त्शास्कोव्स्कींना ३१.३६ टक्के आणि नावरोत्स्कींना २९.५४ टक्के मतं मिळाली. पोलिश राज्यघटनेनुसार कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर दोन आठवड्यांनी पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. म्हणजे दुसऱ्या फेरीत दर दहातल्या जवळपास चार मतदारांना आपल्या पहिल्या पसंतीचा उमेदवारच उरला नव्हता. त्यांनी ज्याला मत दिलं त्याची मूल्यं त्यांना पटत होती, असं समजणं धाडसाचं ठरेल.

मूल्यं मोजतात कशी? इस्रायली मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये दहा मूलभूत मूल्यांचा एक आराखडा मांडला. ही मूल्यं त्यांनी वर्तुळावर बसवली. परंपरा, शिस्तपालन आणि सुरक्षितता शेजारी शेजारी येतात. स्वयंनिर्णय आणि नावीन्याची ओढ त्यांच्या समोरच्या बाजूला. शेजारची मूल्यं एकाच माणसात सुखाने नांदतात, समोरासमोरची सहसा नांदत नाहीत. युरोपियन सोशल सर्व्हे हे सर्वेक्षण दर दोन वर्षांनी होतं आणि पोलंड त्यात सुरुवातीपासून आहे. त्यात ‘तुम्ही उदारमतवादी की परंपरावादी’ असं थेट विचारत नाहीत. एका माणसाचं वर्णन करतात (त्याला घराण्याच्या आणि धर्माच्या चालीरीती पाळणं महत्त्वाचं वाटतं, वगैरे) आणि तो तुमच्यासारखा किती, हे सहा पायऱ्यांवर सांगायला लावतात. अशी २१ वर्णनं असतात.

या वर्तुळात दोन अक्ष आहेत. बदल हवा की आहे ते जपायचं, हा एक. स्वतःचं यश मोठं की इतरांचं भलं, हा दुसरा. दुसऱ्या फेरीतल्या मतपत्रिकेवर मात्र दोनच चौकोन असतात, आणि माणूस वर्तुळावर कुठेही असला तरी त्याला त्यातल्या एकात फुली मारावी लागते.

अमेरिकेत जोनाथन हाइट, जेसी ग्रॅहम आणि ब्रायन नोसेक यांनी २००९ मध्ये नैतिकतेचे पाच पाये सांगितले: काळजी, न्याय, निष्ठा, अधिकार आणि पावित्र्य. उदारमतवादी माणूस बरं-वाईट ठरवताना पहिल्या दोहोंवर भर देतो, परंपरावादी पाचांनाही जवळपास सारखं वजन देतो, असा त्यांचा निष्कर्ष. संशोधन मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांवर झालेलं, त्यामुळे पोलंडला ते जसंच्या तसं लावू नये. पण प्रचारातला एक प्रसंग त्याच्या प्रकाशात पाहण्यासारखा आहे.

११ एप्रिलला कोइन्स्क्ये नावाच्या छोट्या गावात वादसभा झाली. ‘निवडणूक जिंकायची ती कोइन्स्क्येत’ असं पोलिश राजकारणात म्हटलंच जातं. भर चर्चेत नावरोत्स्कींनी इंद्रधनुषी झेंडा काढला आणि त्शास्कोव्स्कींच्या पुढ्यात ठेवला. त्शास्कोव्स्कींनी महापौर म्हणून २०१९ मध्ये एलजीबीटी समुदायाच्या हक्कांच्या जाहीरनाम्यावर सही केली होती, आणि २०२० च्या निवडणुकीत तीच त्यांच्याविरुद्ध वापरली गेली होती. त्यांनी तो झेंडा घेतला आणि मेजाआड ठेवून दिला. तेवढ्यात डाव्या आघाडीच्या उमेदवार माग्दालेना बिएयात त्यांच्यापाशी गेल्या, मला याची लाज वाटत नाही म्हणाल्या आणि झेंडा घेऊन गेल्या.

तिघांनी काय केलं पाहा. नावरोत्स्कींनी निष्ठा आणि पावित्र्य या दोन पायांवर घाव घालणारी वस्तू नेमकी निवडली. बिएयात यांना आपल्या मतदारांपुरतं बोलायचं होतं, त्यांची वाट मोकळी होती. त्शास्कोव्स्कींचा हिशेब वेगळा होता. दोघांच्या लढतीत जिंकायचं तर मधल्या मतदाराला आपल्याकडे ओढावं लागतं, हे गणित डंकन ब्लॅक यांनी १९४८ मध्ये मांडलं आणि पुढे अँथनी डाउन्स यांनी निवडणुकांना लावलं. झेंडा उंचावला तर गावाकडचा मतदार जाणार, परत दिला तर वॉर्सॉचा रुसणार. म्हणून तो मेजाआड गेला. दोन्ही बाजूंना तो दिसायचा तसा दिसलाच. मधल्या मतदाराचं गणित मतदारांना एकाच रेषेवर उभं करून सुरू होतं, आणि पोलिश मतदार एका रेषेवर उभे नाहीत ही त्यातली ग्यानबाची मेख आहे.

आर्थिक बाजू घ्या. परंपरावादी म्हटलं की करकपात आणि ‘सरकारने हात आवरता घ्यावा’ हे ओघाने येतं, असं आपण अमेरिकेकडे पाहून धरून चालतो. नावरोत्स्कींना पाठिंबा देणाऱ्या ‘कायदा आणि न्याय’ पक्षाने २०१६ मध्ये मुलांमागे दरमहा ५०० झ्वॉटी (पोलंडचं चलन) थेट पालकांच्या खात्यात द्यायला सुरुवात केली; २०२४ पासून ती रक्कम ८०० झाली. चर्च, कुटुंब, राष्ट्र आणि सोबत सढळ हाताने सरकारी पैसा. हे विचित्र वाटत असेल तर एरियल माल्का आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा ५१ देशांचा अभ्यास पाहावा. ज्यांना सुरक्षिततेची गरज जास्त वाटते ते सामाजिक बाबतींत परंपरेकडे झुकतात, पण अर्थकारणात बरेचदा डावीकडे. म्हाताऱ्या आईला सणावारांची शिस्तही हवी असते आणि पेन्शनही वेळेवर हवी असते.

परंपरावादी माणूस मुळातच घाबरट असतो, हेही अधूनमधून वाचायला मिळतं. त्याचा उगम २००८ मधल्या एका अमेरिकन प्रयोगात आहे. ४६ माणसांना भीतिदायक चित्रं आणि अचानक मोठे आवाज दिले, घाम आणि पापण्यांची उघडझाप मोजली. जास्त दचकणाऱ्यांचा कल कडक संरक्षण धोरणांकडे आढळला. निष्कर्ष गाजला. २०२० मध्ये बर्ट बाकर यांच्या गटाने नेदरलँड्स आणि अमेरिकेत याहून पुष्कळ जास्त माणसांवर तपासणी केली, तेव्हा फरक सापडला नाही. तो दावा आता सोडून दिलेला बरा.

मतांचा नकाशा मात्र सोडवत नाही. १७७२ ते १७९५ दरम्यान प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड तीन टप्प्यांत वाटून घेतला. १९१८ पर्यंत तो देश म्हणून नव्हताच. त्या सीमा पुसल्या जाऊन शंभर वर्षं उलटली, तरी आजच्या मतांत त्या उमटतात. पश्चिमेकडे उदारमतवादी मतं जास्त, जुन्या ऑस्ट्रियन गालिसियात परंपरावादी. इरेना ग्रोसफेल्ड आणि एकातेरिना झुराव्स्काया यांनी २०१५ मध्ये यासाठी जुन्या सीमेच्या अगदी लगत, दोन्ही बाजूंना असलेल्या ठिकाणांची तुलना केली. माती तीच, हवा तीच. मग मत एकदम बदललं तर कारण इतिहासातच शोधायला हवं. ऑस्ट्रियाच्या बाजूला धार्मिकता जास्त आढळली. प्रशियाच्या बाजूचा उदारमतवादी कल बऱ्याच अंशी रेल्वेशी जोडलेला निघाला. प्रशियाने रूळ दाट टाकले, त्याच्या काठाने उद्योग आले.

पण पश्चिम म्हणजे सगळी प्रशियाची जुनी वाटणी नव्हे. व्रोत्स्वाव, श्चेचिन हा भाग १९४५ पर्यंत जर्मनीत होता. युद्धानंतर तिथले जर्मन हाकलले गेले आणि बाकीच्या पोलंडातून, तसंच सोव्हिएत संघाने गिळलेल्या पूर्वेकडच्या ‘क्रेसी’ प्रदेशातून पोलिश माणसं तिथे आली. म्हणजे जमीन राहिली, माणसं पार बदलली. तरी मत उदारमतवादीच. साशा बेकर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की क्रेसीतून उखडलेल्यांचे वंशज इतरांपेक्षा सरासरी एक वर्ष जास्त शिकलेले आहेत. घरदार, शेती एका रात्रीत जाऊ शकते हे पाहिलेल्या कुटुंबांनी पैसा शिक्षणात घातला. पिढ्यान्‌पिढ्या एकाच मातीत राहिलेल्या गालिसियन गावाची परंपरेशी ओढ आणि मुळं तुटलेल्या गावाचा मोकळेपणा यांमागे मला हे एक कारण दिसतं, एकमेव नव्हे.

क्रेसीच्या या माणसांशी आपलाही संबंध आहे. १९४०-४१ मध्ये सोव्हिएतांनी तिथून सैबेरिया आणि मध्य आशियात नेलेल्यांपैकी सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून युद्ध संपून काही वर्षं होईपर्यंत कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. वॉर्सॉत कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. आपली गावं पोलंडात उरली नाहीत म्हणून त्यातले कित्येक मायदेशी परतलेच नाहीत.

आता तरुणांकडे वळू, कारण ‘दोन पोलंड’ सगळ्यात जास्त इथे फसतो. २०२० मध्ये तिशीच्या आतल्या मतदारांनी साठ टक्क्यांहून जास्त मतं त्शास्कोव्स्कींना दिली होती. २०२५ च्या दुसऱ्या फेरीत याच वयोगटात नावरोत्स्की पुढे होते. पोरं पाच वर्षांत देवभोळी झाली म्हणावं, तर तसा पुरावा नाही. पहिल्या फेरीत या वयोगटाची पहिली पसंती होती कर नको, सरकार नको म्हणणारे अतिउजवे स्वावोमिर मेन्त्सेन. दुसरी पसंती डावे आद्रियान झान्दबेर्ग. दोन टोकांत साम्य एकच: दोन्ही मोठ्या पक्षांचा कंटाळा.

मग मेन्त्सेन यांचे १४.८१ टक्के सोन्याच्या भावाचे झाले. त्यांनी दोन्ही उमेदवारांना आपल्या यूट्यूब वाहिनीवर बोलावून आठ कलमी कागद पुढे ठेवला: कर वाढवणार नाही, युक्रेनमध्ये पोलिश सैनिक पाठवणार नाही, ब्रुसेल्सला (म्हणजे युरोपीय संघाला) आणखी अधिकार देणार नाही, इत्यादी. नावरोत्स्कींनी सही केली. त्शास्कोव्स्की आले, वाद घातला, सही केली नाही आणि नंतर मेन्त्सेन यांच्याच तोरुन्य शहरातल्या पबमध्ये बिअर प्यायले. मतदानाच्या दिवशीच्या पाहणीनुसार मेन्त्सेनच्या दर दहातल्या जवळपास नऊ मतदारांनी नावरोत्स्कींना मत दिलं. ८०० झ्वॉटींचं अनुदान ज्यांना डोळ्यांसमोर नको, त्यांनी ते सुरू करणाऱ्या पक्षाच्या पाठिंब्याचा माणूस निवडला, कारण समोर दुसरा पर्याय सत्तेतल्या सरकारचा होता.

परिणाम मात्र अस्सल आहेत. राष्ट्राध्यक्षाने विधेयक फेटाळलं तर ते पुन्हा मंजूर करायला खालच्या सभागृहात तीन-पंचमांश मतं लागतात, आणि पंतप्रधान दोनाल्द तुस्क यांच्या आघाडीकडे ती नाहीत. गर्भपाताचा कायदा सैल करणं त्यामुळे आणखी अवघड झालं. याच मतदारांची पुढची मोजणी २०२७ च्या संसदीय निवडणुकीत आहे. तिथे खालच्या सभागृहाची निवड प्रमाणशीर पद्धतीने (मतांच्या प्रमाणात जागा) होते आणि पाच टक्के मतं मिळवणाऱ्या पक्षाला जागा मिळू शकतात. तिथे मेन्त्सेनच्या मतदाराला नावरोत्स्कींना पाठिंबा देणाऱ्या पक्षाची आणि झान्दबेर्गच्या मतदाराला त्शास्कोव्स्कींच्या पक्षाची गरज नाही.