दंड नसेल तर पुस्तकं परत येणारच नाहीत?

ठाण्यात वाचनालयाचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं: "विलंब शुल्क काढलं, तर पुस्तकं कोण परत करणार?" १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय असलेल्या शहरात वाचकांवर एवढा अविश्वास का, याचं मला वाईट वाटतं. अनुभव उलटा आहे. शिकागोच्या सार्वजनिक वाचनालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दंड बंद केला आणि परत येणारी पुस्तकं वाढली. कारण साधं. दंड चढत जातो तसा सभासद संकोचतो, मग वाचनालयाची पायरीच टाळतो, आणि पुस्तक घरातच राहतं. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई मात्र तिथेही द्यावी लागते. आपल्याकडे तर अनामत रक्कम असतेच. मुदतीच्या दोन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण करा, ते पुस्तक दुसरं कोणी मागत नसेल तर मुदत वाढवून द्या.