ऑर्गनच्या नळ्या कोण खातं?

नाशिकच्या कालिदास कलामंदिरात संगीत नाटकाला साथ करतो तो ऑर्गन रीडचा, म्हणजे थरथरणाऱ्या धातूच्या पत्तीचा. युरोपातल्या चर्चमधला पाइप ऑर्गन वेगळा. त्याच्या बहुतेक नळ्यांत, बासरीसारखी, हवाच थरथरते. ८ फुटी उघडी नळी सेकंदाला साधारण ६५ कंपनं देते आणि १६ फुटी नळी त्याच्या निम्मी. म्हणून खर्जाच्या नळ्या छताला भिडतात.

हवा तापली की तिच्यातून ध्वनी वेगाने जातो आणि सूर चढतो. निफाडला जानेवारीच्या पहाटे १० अंशांत पांढरी एकला लावलेली नळी मे महिन्यात ३८ अंशांत जवळजवळ काळी एकला, म्हणजे लगतच्या वरच्या सुराला, बोलेल. त्याच ऑर्गनमधल्या रीडच्या नळ्यांचा सूर मात्र जागचा फारसा हलणार नाही. दोन्ही एकत्र वाजल्या तर कानांचे हाल विचारू नका!

पण खरा वैरी घरातच असतो. नळ्यांना वारा वाटणारी पेटी बहुधा ओक लाकडाची. हो, आपल्या वायनऱ्यांतल्या पिंपांचं लाकूड. वाईनला त्याचा गंध हवासा वाटतो. नळ्यांतल्या शिशाला मात्र हे लाकूड सोसत नाही, कारण त्यातून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटत राहते. व्हिनेगरमधलंच हे आम्ल. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळला की शिशाचं पांढरं कार्बोनेट बनतं, म्हणजे रंगकामातला जुना सफेदा. कारागीर तो मुद्दाम शिशाला व्हिनेगरची वाफ देऊन बनवत. ऑर्गनमध्ये तो न मागता बनतो आणि नळी बुडाकडून पोखरली जाते.

जर्मनीत ल्युबेकच्या सेंट याकोबी चर्चमधल्या स्टेलवागन ऑर्गनच्या नळ्या अशाच झिजत होत्या. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या ऑर्गन केंद्राने रसायनतज्ज्ञांना सोबत घेऊन या गंजाचा माग काढला, तो पेटीच्या लाकडापर्यंत गेला. सुतारकामातला पांढरा सिंथेटिक गोंदही हेच आम्ल सोडतो, त्यामुळे दुरुस्तीनेच दुखणं वाढायची भीती.

वादकाने रसायनशास्त्रात कशाला पडावं, असं कुणी म्हणेल. मला तर यातच मजा वाटते. याच केंद्राच्या अभ्यासातून अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २०११ साली नवा ऑर्गन उभा राहिला. त्याचा मुख्य नमुना ऑर्गन बांधणारे आर्प श्निटगर यांनी १७०६ मध्ये बर्लिनच्या शार्लोटनबुर्ग राजवाड्यासाठी बांधलेला, दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालेला ऑर्गन. तिथे मोटर बंद ठेवून भाते पायांनीही दाबता येतात. भाता माणसाने दाबला की वाऱ्याचा दाब किंचित हलतो, त्याबरोबर सूरही हलतो. तेव्हा विद्यार्थ्याला बोटांइतकंच भाता दाबणाऱ्याच्या पायांकडे लक्ष द्यावं लागतं.